जिला मी मारलं, तिच्या घरी तीन दिवस

चिपळूणहून सोलापूरला सहज म्हणून कुणी जात नाही. चादरी आता चिपळुणातही मिळतात. देवाला जाणारे पुढे निघून जातात, आणि लग्नाला जाणारे मे महिन्यात जाऊन उन्हाला शिव्या देत परत येतात. मी गेले ती भाषणाला. सोलापुरातल्या एका वाचक मंडळाने मला फेब्रुवारीत बोलावलं होतं आणि विषयही कळवला होता : ‘निर्वासितांच्या कथा-कादंबऱ्यांतील परकेपण, ओळख आणि एकटेपण’. एवढा लांब विषय आपल्याला झेपेल असं कुणाला तरी वाटलं, याचाच मला पहिले दोन दिवस आनंद होता.

विषय माझ्याकडे आला तो ‘पश्चिमेची खिडकी’ या माझ्या कादंबरीमुळे. फाळणीत सिंध सोडून आलेल्या कुटुंबाची ती गोष्ट. नायिका सोलापुरात चाळीस वर्षं एका खिडकीशी बसून असते. कमरेला शिकारपूरच्या घराची किल्ली. कुणाशी बोलत नाही, बोललीच तर मोडकं मराठी. अकराव्या प्रकरणात ती एकटी मरते. बाराव्यात तिचा लहानपणी हरवलेला भाऊ इंदूरहून तिला शोधत येतो आणि बंद दारापाशी उभा राहतो. एका परीक्षणात ‘हेलावून टाकणारी’ हा शब्द तीनदा आला होता. ते कात्रण मी जपून ठेवलं आहे.

हे लिहायचा माझा अधिकार काय, असं विचाराल तर सांगते. मी चिपळुणात जन्मले, चिपळुणात शिकवलं, चिपळुणातच निवृत्त झाले. माझं सासर आणि माहेर यांच्या मध्ये एक ओढा आहे. निर्वासित म्हणून माझा अनुभव एवढाच, की पुरात आठ दिवस भावाच्या माडीवर राहिले, आणि तिथेही वहिनीने एकदा मोदक केले होते. बीएडला असताना वसतिगृहात उल्हासनगरची कमला माझ्या खोलीत होती. तिने सोलापूरच्या आत्याबद्दल चार गोष्टी सांगितल्या : फाळणीनंतर कल्याणच्या कॅम्पात तिचा धाकटा भाऊ हरवला, त्याच्या कोपरावर भाजल्याचा डाग होता, आत्या लग्न होऊन सोलापूरला गेली, आणि तिथे ती पापड लाटते. पुढे कमला नवऱ्याबरोबर परदेशी गेली आणि काही वर्षांनी तिथेच वारली. आत्याही गेलीच असणार, असं मी धरून चालले. गेलेल्या माणसांवर लिहिताना हात मोकळा राहतो. चार गोष्टींची मी तीनशे पानं केली.

शुक्रवार, स्टेशन ते घर

स्टेशनवर मंडळाचे सचिव बनसोडे हार घेऊन उभे होते. पोस्टातून निवृत्त झालेले, पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. हार घालून झाल्यावर त्यांनी आनंदाची बातमी सांगितली.

“लॉजवर खोली बघितली होती मॅडम, पण आता गरज नाही की. तुमच्या कादंबरीतल्या बाईंच्या घरीच सोय झाली.”

“त्यांच्या नातलगांकडे?”

“छे हो, त्यांच्याचकडे. जसोदाआजी. त्यांनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, लेखिका माझ्याकडंच उतरणार.”

हार काढून त्यांना परत द्यावा आणि आल्या गाडीने निघावं, असं मला वाटलं. पण ती गाडी पुढे हैदराबादला चालली होती. रिक्षात बनसोडे मला शहर दाखवत होते. हा सात रस्ता, ही अमुक मिल होती, तिकडे विणकरांची वस्ती. मी ‘वा, वा’ म्हणत होते आणि मनात अकरावं प्रकरण आठवत होते. त्यात मी तिच्या उशाशी एक मुंगीसुद्धा फिरवली होती. चौऱ्याऐंशी वर्षांच्या जिवंत बाईला ती मुंगी कशी समजावून सांगायची, हे मला कळेना.

खाली शिलाईचं दुकान, वर घर. दार उघडलं ते पिठाच्या हातांनी. बुटकी, गोरी, जाड भिंगांचा चष्मा, आणि गळ्यात रबरबँडने अडकवलेला मोबाइल. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“ये की,” ती म्हणाली. “मला मारणारी तूच न्हवं?”

बनसोडे पोट धरून हसले. माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्याला हसणं म्हणता येणार नाही.

तिने मला खुर्चीत बसवलं आणि समोर एका ताटलीत भाजलेला पापड आणि तांब्याभर पाणी ठेवलं. मी काहीतरी माफीवजा बोलायला तोंड उघडलं, तर हाताने थांबवलं. “आदी पापड. संपेपर्यंत कुणी कुणाला काय इचारायचं न्हाय. आमच्यात तशीच रीत हाय.”

आमच्याकडे कोकणात पाहुण्याला गूळपाणी देतात. पण गुळाचा खडा तोंडात जाईपर्यंत त्याला पगार, गुडघे आणि मुलीचं लग्न, तिन्ही विचारून झालेलं असतं. हिची रीत मला फार सुसंस्कृत वाटली, आणि त्या वेळी तर फार सोयीची. मी कारण विचारलं, अर्थात पापड संपल्यावर. ती म्हणाली, “उन्हातनं आलेला माणूस. पापडानं पाणी चांगलं जातंय. आन् बातमी चांगली असली तर थांबती की. वाईट असली तर सांगणाऱ्याला तेवढीच सवड.” मी तो पापड कसा खाल्ला हे मलाच माहीत. एवढ्या बारीक तुकड्यांत पापड खाता येतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

नंतर कादंबरीची तपासणी झाली. तिची नात प्रिया कॉलेजात शिकते, तिने कादंबरी पंधरा दिवस दुपारची मोठ्याने वाचून दाखवली होती. ऐकायला जसोदाआत्या आणि शेजारच्या नरसम्मा. नरसम्मा तेलुगू विणकर घरातल्या, सत्तरीच्या, आत्याची पन्नास वर्षांपासूनची मैत्रीण. अकराव्या प्रकरणाला त्या पदर तोंडाला लावून रडल्या. “अय्यो, कसं मेली गं बिचारी,” म्हणाल्या, आणि शेजारी आत्या मटार सोलत बसली होती.

“खिडकी बघायची तुला?” आत्याने मला उठवलं. घराच्या पश्चिमेला एकच खिडकी होती, हाताएवढी, आणि ती संडासाची होती. “हिथं चाळीस वर्षं बसले असते तर लोकांनी डॉक्टर बोलावला असता.”

“आणि किल्ली?” मी विचारलं. तेवढी तरी वाचेल अशी मला आशा होती.

“कसली किल्ली? बाबांनी कुलूपच लावलं न्हाय. आत म्हैस होती. दार बंद केलं तर ती उपाशी मरंल की. शेजाऱ्याला म्हटलं, घर तुझं, म्हशीला वेळेवर पाणी दाखव. आन् आमी निघालो.”

निर्वासितांवरच्या प्रत्येक कादंबरीत एक किल्ली असते. मी सहा-सात वाचल्या आहेत, सगळ्यांत आहे. म्हशीसाठी उघडं ठेवलेलं दार एकीतही नाही. ते लिहून घ्यायला मी पर्समधली वही काढली आणि मग लाज वाटून परत ठेवली.

सगळ्यात जास्त मला तिच्या बोलण्याने खजील केलं. माझी नायिका ‘मी पाणी आणती’ असं काहीतरी मोडकं बोलते. ही भाजीवाल्या बायांकडून आणि विड्या वळणाऱ्या शेजारणींकडून मराठी शिकलेली. तिच्यापुढे माझं मराठी रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटत होतं. तिनेच शेवटी विचारलं, “तू घरीबी असंच बोलतीस?”

दुपारी जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि पालक-डाळीची सिंधी भाजी एकाच ताटात होती. कोकणात आम्ही प्रत्येक गोष्टीत नारळ घालतो, हे शेंगदाणे घालतात, एवढाच फरक, असं मी म्हणाले. ते कुणाला आवडलं नाही. ताटं मांडताना आत्याने एक ताट जास्तीचं मांडलं. पापड, भाकरी, भाजी, सगळं वाढून झाकून ठेवलं. मी बघत राहिले. हरवलेल्या भावाचं ताट! एवढी वर्षं रोज! माझा हात वहीकडे गेला. दहा मिनिटांनी नरसम्मा आल्या, ताटावरचं झाकण काढलं आणि जेवायला बसल्या. त्यांच्या घरी सुनेचं आणि त्यांचं दुपारी पटत नाही, म्हणून त्या रोज इथे जेवतात.

“मुलगा दिसत नाही?” मी विचारलं. आत्याचा मुलगा नरेश, साठीचा, टॉवेल-चादरींचं दुकान आहे, एवढं प्रियाने सांगितलं होतं.

“भायेर गेलाय कामाला,” आत्या म्हणाली. “परवा येईल.”

शनिवार, सात रस्ता आणि सभागृह

सकाळी आत्या मला सात रस्त्याकडे शेंगदाणे घ्यायला घेऊन गेली. चौऱ्याऐंशीव्या वर्षी ती रिक्षावाल्याशी दखनी उर्दूत, शेंगदाणेवाल्याशी मराठीत, आणि वाटेत भेटलेल्या तेलुगू बाईशी तेलुगूत बोलली. माझ्या नायिकेला मी ‘भाषाहीन’ असं विशेषण वापरलं होतं. परीक्षणात त्याचंही कौतुक होतं.

परत येताना ती नरेशच्या दुकानापाशी थांबली. शटर खाली होतं. ‘घरगुती कामानिमित्त रविवारपर्यंत बंद’ असा कागद चिकटवला होता. तिने तो नीट चिकटला आहे ना हे बोटाने दाबून पाहिलं आणि सहज आवाजात म्हणाली, “इंदूरला गेलाय. मोतीला शोधाया.”

मोती हे तिच्या भावाचं खरं नाव. कादंबरीत मी ते बदललं होतं.

माझ्या हातातली शेंगदाण्यांची पिशवी जड झाली. दुकानाच्या पायरीवर आम्ही दोघी बसलो, आणि तिने ते सगळं सांगितलं. कॅम्पात पाण्याची रांग होती. ती सात वर्षांची, मोती चार वर्षांचा. एका हातात त्याचा हात, दुसऱ्या हातात कळशी. कळशी भरली. भरली कळशी उचलायला दोन हात लागतात. “म्हणून दोन हात लावले,” ती म्हणाली. “कळशी काखेत घेतली, वळून बघितलं, तर न्हाय. एवढाच येळ.” बाबांनी वर्षभर शोधला. मग सगळ्यांनी सोडून दिलं. ती म्हणाली, तिनेही सोडून दिलं होतं.

“पण तुझं पुस्तक वाचलं. नावं तू बदललीस, ते बरोबर हाय, प्रिया म्हणली लेखक बदलतात. पण कोपरावरचा डाग तू कसा लिहिलास? मी पापड शेकत होते, त्यो तव्यावर पडला. त्यो डाग माझ्या घरच्यांबिगर कुणाला ठावं न्हाय. आन् इंदूरची गल्ली, कापडबाजार, दुकानाच्या बाजूला शेवेचं दुकान. नरेशनं फोन लावून इचारलं. गल्ली हाय, शेवेचं दुकान हाय. मग म्हटलं, माणूसबी असंल.”

आता खरं काय ते सांगते. डाग कमलाने सांगितला होता. गल्ली खरी होती, कारण माझी नणंद तिथे राहते आणि शेव तिथलीच आणते. भाऊ मात्र नव्हता. माझ्या पहिल्या खर्ड्यात बारावं प्रकरणच नव्हतं. संपादक म्हणाले, “शेवट फार काळा झाला आहे, थोडी आशा घाला.” म्हणून एका दुपारी, चहाचे दोन कप होईपर्यंत, मी ती आशा घातली. त्या दोन कप चहाच्या भरवशावर एक साठीचा माणूस दुकान बंद करून इंदूरच्या उन्हात लोकांची कोपरं बघत हिंडत होता.

तिथेच, त्या पायरीवर मी हे सांगायला हवं होतं. मी म्हणाले, “ऊन वाढलं, चला घरी.”

संध्याकाळी पाचला व्याख्यान. शंभर खुर्च्या, पस्तीस माणसं आणि एक पंखा, तोही वक्त्याच्या पाठीमागे. पहिल्या रांगेत आत्या बसली होती, जरीकाठाची साडी नेसून, शेजारी नरसम्मा आणि प्रिया. बनसोड्यांनी ओळख करून देताना ‘आज लेखिका आणि नायिका एकाच छताखाली आहेत’ असं म्हणून टाळ्या मिळवल्या. मी एकटेपणावर पाऊण तास बोलले. मुळं तुटणं, आरशात अनोळखी चेहरा दिसणं, वगैरे. नरसम्मा समजल्यासारखी मान हलवत होत्या. आत्याने मध्ये एकदा चष्मा पुसला. ती भारावली आहे असं मला वाटलं, पण तिने मग पंख्याकडे बोट दाखवून प्रियाला काहीतरी सांगितलं आणि पंखा वळवण्यात आला.

प्रश्नोत्तरांत करकंबहून मुद्दाम बसने आलेले एक शिक्षक उठले. हातात माझी कादंबरी, पानापानावर खुणा.

“म्याडम, पुस्तक लई आवडलं,” ते म्हणाले. “फकस्त येक इचारायचंय. त्यो भाऊ तुमास्नी कुटं गावला?”

आत्या पुढे सरकून बसली. तिने पदर कानामागे घेतला, नीट ऐकू यावं म्हणून.

मी म्हणाले, “लेखकाला काही गोष्टी स्वतःपाशीच ठेवाव्या लागतात.”

टाळ्या पडल्या. शिक्षक ‘व्हय, व्हय’ म्हणत खाली बसले. आयुष्यात मिळालेल्या टाळ्यांपैकी एवढ्याच टाळ्यांची मला किळस आली. आत्याने टाळ्या वाजवल्या नाहीत, ती मान हलवत माझ्याकडे कौतुकाने बघत होती. ही बाई मोतीला ओळखते पण चारचौघांत बोलत नाही, असं तिला वाटलं असणार.

रविवार, स्वयंपाकघर

नरेश दहाच्या सुमाराला घरी पोचणार होता. सात वाजता मी स्वयंपाकघरात गेले. प्रिया क्लासला गेली होती. आत्या कोकी करत होती. कोकी म्हणजे कांदा-मिरची घातलेली जाड पोळी, दोनदा भाजायची. सोलापुरात राहून हिच्या कोकीत शेंगदाण्याचं कूटही शिरलं आहे. मी दाराशी उभी राहूनच बोलले, कारण बसले असते तर पुन्हा उन्हाबद्दल बोलले असते.

“आत्या, इंदूरचा भाऊ खोटा आहे. मी रचलाय तो. डाग कमलाने सांगितला होता. गल्ली माझ्या नणंदेची आहे. मोती मला कुठेही सापडलेला नाही.”

तिने कोकी उलटली. कडेने तेल सोडलं. मला वाटलं, तिला ऐकू गेलं नाही, आणि पुन्हा सांगावं लागेल या कल्पनेने मी घाबरले.

“खिडकी खोटी,” ती तव्याकडे बघतच म्हणाली. “किल्ली खोटी. माझं मरण खोटं. मी म्हटलं, एवढं समदं खोटं लिवणारी बाई एक तरी गोष्ट खरी लिवल.”

मी रडले. तिने मला रडू दिलं, पण गॅस बंद केला नाही, कारण कोकी करपली असती. थोड्या वेळाने एक तुकडा माझ्या हातात दिला. मी म्हणाले, नरेशला फोन करून सांगते. ती म्हणाली, गाडीत हाय त्यो, गाडीत माणसाला असलं काय सांगू नये.

मग स्वतःहूनच बोलायला लागली. “तू काल एकटेपण, एकटेपण म्हणत होतीस. मला कवा एकटं बसाया मिळतंय? सकाळी पापडाच्या बाया, दुपारी नरसम्मा, सांजच्याला सून-नातवंडं. पण मालक गेले, थोरला भाऊ गेला, जावा गेल्या. आता सिंधीत माझ्याशी भांडायला कुणी न्हाय. नरेशला कळतंय, पर त्यो मराठीत उत्तर देतोय. प्रियाला ‘पाणी दे’ एवढंच येतंय. मोती असता तर भांडला असता. म्हणला असता, हात का सोडलास. मला त्यो भेटायला नको होता. भांडायला पायजे होता.”

माझ्या तीनशे पानांत एकटेपण हा शब्द किती वेळा आला असेल ते मी मोजलेलं नाही. हे मात्र त्यात कुठेही नव्हतं.

दहाला जिन्यावर पावलं वाजली. नरेश मोठ्या अंगाचा, केस पिकलेला माणूस. हातात एक बॅग आणि शेवेचं पुडकं. डोळे सुजले होते. त्याने आईच्या पायाला हात लावला, मला नमस्कार केला आणि खुर्चीत बसला. आत्याने त्याच्यासमोर पापड आणि तांब्या ठेवला. कुणी काही विचारलं नाही.

तो पापड खायला लागला. नखाएवढा तुकडा मोडायचा, चावायचा, पाणी प्यायचं. परत एवढासा तुकडा. नजर ताटलीवर. शुक्रवारी मी तसाच खाल्ला होता, त्यामुळे या खाण्याचा अर्थ मला लगेच कळला. आत्या समोर पाटावर हात मांडीवर ठेवून बसली होती. शेवटचा तुकडा त्याने बराच वेळ बोटांत धरला.

“मामा होता, अम्मा,” तो म्हणाला.

आत्याने तांब्या त्याच्याकडे सरकवला.

“कापडबाजारात एक म्हातारा दुकानदार भेटला. त्याला आठवत होता. कोपरावर डाग होता म्हणला. लई हसरा माणूस. दोन पोरं, नातवंडं. पाच-सात वर्षांमागं दुकान विकून पोराकडं गेला की. परदेशात कुटंतरी. गावाचं नाव त्या म्हाताऱ्याला ठावं न्हवतं.”

बोलताना त्याने एकदाही आईकडे पाहिलं नाही. माझ्याकडे मात्र पाहिलं, आणि त्या बघण्यात विनंती होती. जणू माझी गोष्ट मीच मोडू नये. खरं काय ते आपल्या आईला तीन तासांपूर्वीच कळलं आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं.

मी तोंड उघडलं. आत्याने नुसती मान हलवली, आणि मी गप्प बसले.

“सिंधी बोलायचा?” तिने त्याला विचारलं.

नरेश क्षणभर अडला. “व्हय की. म्हातारा म्हणला, गिऱ्हाइकाला हिंदीत बोलायचा, पर भांडायचा सिंधीतच.”

“असं व्हय,” आत्या म्हणाली. “बरं झालं. खाऊन-पिऊन सुखी हाय म्हणजे.” आणि ती उठून त्याच्यासाठी दुसरा पापड भाजायला गेली. तो खाली मान घालून बसला होता, आणि त्याचे खांदे हलत होते.

मी तिच्या मागोमाग आत गेले. ती चिमट्याने पापड धरून आचेवर फिरवत होती.

“त्याला सांगणार नाही?” मी हळूच विचारलं.

“काय सांगायचं? दोन दिवस उन्हात हिंडला, जेवला नसंल नीट. आन् गाडीत बसून हे समदं रचलं असंल.” तिने पापड उलटा केला. “तुझ्यापेक्षा बरं रचतोय. तू मला मारलंस आन् मग त्याला आणलंस. माझ्या पोरानं दोघांनाबी जित्तं ठेवलं.”

दुपारच्या गाडीला बनसोडे पोचवायला आले. कादंबरीची दुसरी आवृत्ती निघणार आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, एवढ्यात नको. आत्याने दोन किलो पापड बांधून दिले होते आणि चिपळूणच्या दमट हवेत ते डब्यात कसे ठेवायचे, याच्या सूचना फोनवर दोनदा दिल्या.

घरी पोचले तेव्हा वहिनी वाट बघत होती. बॅग खाली ठेवायच्या आतच तिने सुरुवात केली : भाषण कसं झालं, कादंबरीतली ती बाई खरंच होती का, आणि तो भाऊ? मी तिला म्हटलं, आधी पापड, आमच्यात तशी रीत आहे. मी पापड भाजले आणि खायला बसले. एक खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसराही खाल्ला. वहिनी समोर बसून होती. तरी काय सांगावं ते मला सुचेना. नरेशला एका पापडात सुचलं होतं.